विम्बल्डन १९३४ : लीला राव यांचा विसरलेला विजय

१/ काही महिन्यांपूर्वी आमच्या काळेवाडीत एक प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न होता : विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला कोण? सर्वांचे उत्तर एकच होते, सानिया मिर्झा. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी तेच लिहिले आणि मला गुणही मिळाले. सानियाचा तो विजय २००५ सालचा. आमची चूक तब्बल ७१ वर्षांची होती.

२/ १९३४ च्या विम्बल्डनमध्ये मुंबईच्या लीला राव यांनी पहिल्या फेरीत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांचा तीन सेटमध्ये पराभव केला. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामॉफ यांच्याकडून त्या हरल्या. त्यांच्याआधी अँग्लो-इंडियन खेळाडू जेनी सँडिसन विम्बल्डनला खेळल्या होत्या. पहिल्या विजयाचा मान मात्र लीलाबाईंचा.

३/ ही मुलगी टेनिसकडे कशी वळली? त्यासाठी तिच्या घरात डोकवावे लागते. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातील थोर संस्कृत पंडित. कालिदासाच्या ग्रंथांचे आणि सायणभाष्यासह अथर्ववेदाचे त्यांनी संपादन केले. तुकोबांच्या गाथेच्या १८६९ च्या इंदुप्रकाश आवृत्तीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १८९४ मध्ये ते निवर्तले.

४/ त्यांची कन्या क्षमा हिचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. पितृछत्र हरपले तेव्हा ती अवघी तीन वर्षांची होती. पुढे मुंबईचे डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी तिचा विवाह झाला. संस्कृत साहित्य तिला ‘पंडिता क्षमा राव’ म्हणून ओळखते. ही कवयित्री स्वतः टेनिस खेळत असे. १९११ साली जन्मलेल्या लीलाच्या घरात श्लोक आणि रॅकेट या दोन्ही गोष्टी आईकडूनच आल्या.

५/ लीलाबाईंनी १९३१ मध्ये अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले. वय होते १९. देशातील अव्वल खेळाडू म्हणून त्या पुढे आल्या आणि तीनच वर्षांत विम्बल्डनला पोहोचल्या.

६/ आजची तरुण खेळाडू, रुमानियाची असो वा पुण्याची, छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गुण मिळवत क्रमवारीत वर चढते. बक्षिसाच्या रकमेतून पुढच्या प्रवासाचा काही खर्च तरी निघतो. १९३४ मध्ये हा मार्ग नव्हता. विम्बल्डन केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. व्यावसायिकांना तेथे प्रवेश मिळाला तो १९६८ साली. समुद्रप्रवास, मुक्काम, सराव हा सारा भार घरावर. म्हणून या विजयात जिद्दीइतकाच घराच्या सुस्थितीचाही वाटा होता. तितकेच गुण अंगी असलेल्या, पण तसे घर न लाभलेल्या मुलींची नावे इतिहासाच्या कोणत्याही नोंदीत सापडणार नाहीत.

७/ आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. क्षमाबाईंनी गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा ग्रंथ छापणे जोखमीचे होते. तो १९३२ मध्ये पॅरिसला प्रकाशित झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांची कन्या सत्ताधाऱ्यांच्या राजधानीत, त्यांच्याच हिरवळीवर, त्यांच्याच खेळाडूला हरवत होती. एकाच घरातून साम्राज्याला दोन उत्तरे गेली. दोन्ही उत्तरांत संयम होता, आणि दोन्ही नेमकी होती.

८/ १९३५ मध्ये लीलाबाई पुन्हा विम्बल्डनला गेल्या, पण पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांच्याकडून हरल्या. मायदेशी मात्र त्यांचा दबदबा वाढतच गेला. १९४३ पर्यंत अखिल भारतीय एकेरीची एकूण सात विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली. पुढे राजनैतिक अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि आईच्या कथांवर संस्कृत नाटके रचली.

९/ मग त्या विसरल्या का गेल्या? माझ्या मते, आपण आपली कपाटे वेगवेगळी ठेवली म्हणून. मला त्या भेटल्या क्षमा राव यांच्याविषयी वाचताना, ‘कन्या लीला’ एवढ्याच उल्लेखात. संस्कृतचा अभ्यासक तेथे थांबून टेनिसकडे वळत नाही; क्रीडाप्रेमी संस्कृतच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. या दोन कपाटांमधल्या फटीत एक कर्तबगार बाई हरवली.

१०/ काळेवाडीपासून बालेवाडीचे क्रीडासंकुल जवळच आहे. २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपनच्या निमित्ताने जगातील नामवंत पुरुष खेळाडू तेथे खेळून गेले. आजही तेथे मुली सकाळी सरावाला येतात. त्यांना सानिया ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मागची वाट मात्र २००५ मध्ये सुरू झाली नाही. पुढच्या प्रश्नमंजूषेत कुणी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर लिहा : लीला राव, १९३४.