कापणीच्या सणाची कुळकथा

येवला तालुक्याचे वर्ष पावसाच्या मर्जीवर चालते. मृगाची वाट पाहून पेरलेली बाजरी आश्विनाच्या सुमारास खळ्यावर येते, थंडी पडू लागली की कांद्याची रोपे लागवडीला निघतात, संक्रांतीला सारा कसबा पतंगांसाठी गच्चीवर चढतो, आणि चैत्र उजाडतो न उजाडतो तोच विहिरींचे तळ दिसू लागतात. या अवर्षणप्रवण मुलखातून मनमाडचा लोहमार्ग कोपरगाव, राहुरी करीत अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, जातो. आणि नाशिक-नगरच्या या पट्ट्यात विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, कोठे खरिपाच्या तर कोठे रब्बीच्या सुगीनंतर, कापणीचा सण साजरा होतो.

त्या दिवशी वेदीपाशी कणसांच्या पेंढ्या उभ्या राहतात. शेजारी भोपळे, वांगी, मेथीच्या जुड्या, भुसकटात जपून आणलेली अंडी, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना आटोपली की आवारात लिलाव पुकारला जातो. बोली जिंकणारा पुष्कळदा तोच भोपळा पुन्हा दान करतो, तो दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पुकारला जातो, आणि बाजारात ज्याला कोणी फारसे मोल दिले नसते त्या फळाचे मोल मंडळीच्या दप्तरात भरघोस जमा होते.

नगरास अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली आणि नाशकास चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली ठाणे दिले, तेव्हा हा सण आजच्या स्वरूपात विलायतेतही रूढ नव्हता. कॉर्नवॉलमधील मॉर्वेन्स्टो या गावचे पाद्री रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १ ऑक्टोबर १८४३ रोजी नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन घेण्यास आपल्या ग्रामस्थांना पाचारण केले, आणि ऑगस्टच्या आरंभी नव्या गव्हाची भाकर मंदिरात आणण्याची जी मध्ययुगीन वहिवाट लोपली होती तिला नवे रूप दिले. पुढे ती प्रथा आंग्ल चर्चमध्ये सर्वत्र पसरली. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा भाताच्या लोंब्यांचा आगेरा मात्र वेगळ्या, पोर्तुगीज अमलाखाली वाढलेल्या घराण्यातला.

परंतु केवळ या वंशावळीने माझे समाधान होत नाही, कारण सणाचे खरे मूळ लेवीय ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. पहिल्या पिकाची पेंढी याजकाने शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी परमेश्वरासमोर ओवाळावी आणि तोवर नवे धान्य कोणी तोंडात घालू नये, असा तेथे दंडक आहे. पॅलेस्टाईनचे कृषिवर्ष आपल्या रब्बीशी जुळते: शरदातल्या पावसावर पेरणी, वल्हांडणाच्या सुमारास सातूची कापणी, आणि त्यानंतर सात आठवड्यांनी गव्हाचा सण. ख्रिस्त उठला तो वल्हांडणाच्या त्याच आठवड्यात, शब्बाथानंतरच्या पहाटे. म्हणूनच पौल त्याला मेलेल्यांतील प्रथमफळ म्हणतो. युरोपात पुनरुत्थानाचा दिवस कोवळ्या अंकुरांचा असतो, यरुशलेमात आणि येवल्यात तो खळ्याचा असतो; आणि जमिनीत पडून मेलेल्या दाण्याविषयी प्रभूने जे सांगितले ते हाती नुकतीच मळलेली ज्वारी असणाऱ्या कुणब्याला कोणी फोड करून सांगावे लागत नाही. ऋतूंमध्ये ख्रिस्ती अर्थ शोधताना आपण वसंतातल्या फुलांच्या परक्या चित्रांकडे का वळावे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

एक आग्रह मात्र धरावासा वाटतो. पाऊस दगा देतो, पैसेवारी घसरते, टँकर सुरू होतात, अशा वर्षीही हा सण टाळू नये. वेदीपाशी मूठभर दाणे असले तरी चालतील. अंजिराला मोहोर नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही परमेश्वराच्या ठायी हर्ष मानीन असे म्हणणाऱ्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय त्या दिवशी मोठ्याने वाचावा, आणि लिलाव नेहमीप्रमाणे पुकारावा.