विंडोज अद्यतनांच्या राखीव प्रती

विंडोज अद्यतनांच्या राखीव प्रती म्हणजे मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीत एखादे अद्यतन अर्थात अपडेट बसवताना प्रणालीने हार्ड डिस्कवर जपून ठेवलेल्या जुन्या संचिका होत. नव्या अद्यतनामुळे संगणकात बिघाड उद्भवल्यास ते काढून टाकून पूर्वस्थितीत परत जाता यावे, हा या प्रती ठेवण्यामागील हेतू असतो. संगणकाच्या रोजच्या कामासाठी त्या लागत नाहीत, त्यामुळे डिस्कवरील जागा मोकळी करण्यासाठी त्या हटवता येतात. मात्र प्रत हटवल्यानंतर संबंधित अद्यतन काढून टाकण्याचा मार्ग बंद होतो. याशिवाय, राखीव प्रतींसारखेच दिसणारे काही फोल्डर प्रत्यक्षात चालू प्रणालीचा भाग असतात. ते हटवल्यास पुढील अद्यतने बसत नाहीत किंवा संगणक सुरू होणेही थांबू शकते. राखीव प्रती कोठे व कशा स्वरूपात ठेवल्या जातात, हे विंडोजच्या आवृत्तीनुसार बदलत गेले आहे.

विंडोज एक्सपीमधील पद्धत

२००१ साली प्रकाशित झालेल्या विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक अद्यतनासाठी स्वतंत्र राखीव फोल्डर तयार होत असे. हे फोल्डर मुख्य 'विंडोज' फोल्डरमध्ये लपवलेल्या स्वरूपात असत. त्यांची नावे डॉलरच्या चिन्हाने सुरू होऊन त्याच चिन्हाने संपत. मध्ये 'एनटीअनइन्स्टॉल' हा शब्द आणि त्यापुढे 'केबी' या अक्षरांसह त्या अद्यतनाचा क्रमांक असे. 'केबी' ही अक्षरे 'नॉलेज बेस' या मायक्रोसॉफ्टच्या माहितीसंग्रहाची निदर्शक असून, त्याच क्रमांकाच्या लेखात त्या अद्यतनाची माहिती दिलेली असे. या फोल्डरमधील संचिका संकुचित करून ठेवलेल्या असल्यामुळे त्यांची नावे निळ्या अक्षरांत दिसत.

फोल्डरमध्ये बदललेल्या संचिकांच्या जुन्या आवृत्त्या आणि त्या पूर्ववत बसवणारा एक छोटा प्रोग्राम असे. नियंत्रण पटलातील 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स' या यादीतून अद्यतन काढून टाकताना हाच प्रोग्राम चालवला जाई. फोल्डर हटवल्यास संगणकाच्या कामावर परिणाम होत नसे, परंतु यादीतील नोंद तशीच राही आणि तिच्यावरून अद्यतन काढण्याचा प्रयत्न केल्यास त्रुटीचा संदेश येई. त्यामुळे अद्यतन बसवल्यानंतर काही आठवडे संगणक सुरळीत चालला, की मगच त्याचा फोल्डर हटवण्याचा प्रघात वापरकर्त्यांमध्ये होता. काही जण फोल्डर थेट न हटवता आधी तो दुसऱ्या डिस्कवर किंवा सीडीवर नकलून ठेवत. सर्व्हिस पॅक बसवल्यावर असाच, पण आकाराने बराच मोठा राखीव फोल्डर तयार होई.

एक्सपीमध्ये हटवू नयेत असे दोन फोल्डरही याच ठिकाणी असत:

* एचएफ-मिग: याच्या नावाच्या दोन्ही टोकांनाही डॉलरचे चिन्ह असल्यामुळे तो राखीव फोल्डरांपैकीच एक वाटत असे. परंतु पुढील अद्यतने बसवताना कोणत्या संचिकेची कोणती आवृत्ती वापरायची, हे ठरवण्यासाठी प्रणालीला त्यातील संचिकांची गरज पडे.
* सर्व्हिसपॅकफाइल्स: प्रणालीची एखादी संरक्षित संचिका बिघडल्यास किंवा बदलली गेल्यास तिची योग्य प्रत मिळवण्यासाठी हा फोल्डर वापरला जाई.

विंडोज एक्सपीसाठीचे विस्तारित साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले.

विनएसएक्सएस आणि घटक-भांडार

विंडोज व्हिस्टापासून ही रचना मुळापासून बदलली. प्रत्येक अद्यतनाचा वेगळा फोल्डर ठेवण्याऐवजी प्रणालीचे सर्व घटक 'विनएसएक्सएस' या एकाच फोल्डरमध्ये ठेवले जाऊ लागले. या संग्रहाला घटक-भांडार म्हणता येईल. नवे अद्यतन बसल्यावर घटकाची नवी आवृत्ती कार्यान्वित होते आणि जुनी आवृत्ती भांडारातच राहते. अद्यतन काढून टाकल्यास ती जुनी आवृत्ती पुन्हा कार्यान्वित केली जाते.

या रचनेमुळे राखीव प्रती आणि वापरातील संचिका एकाच ठिकाणी आल्या. विंडोजच्या इतर फोल्डरांत दिसणाऱ्या अनेक संचिका या घटक-भांडारातील संचिकांचेच दुसरे नाव असतात. अशा जोडणीला 'हार्ड लिंक' म्हणतात. माहिती डिस्कवर एकदाच साठवलेली असते, पण ती दोन ठिकाणी दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये विनएसएक्सएसचा आकार तपासल्यास या सामायिक संचिकाही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे फोल्डर प्रत्यक्षाहून मोठा भासतो आणि तो हटवून पुष्कळ जागा मिळेल असा समज होतो. हा फोल्डर किंवा त्यातील संचिका हाताने हटवल्यास प्रणालीचे गंभीर नुकसान होऊ शकते. भांडारातील कोणती आवृत्ती निरुपयोगी झाली आहे, हे केवळ नावावरून ओळखता येत नाही.

घटक-भांडाराची स्वच्छता

घटक-भांडारातील जुन्या आवृत्त्या हटवण्यासाठी विंडोजमध्येच साधने उपलब्ध आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ७ साठी आलेल्या एका अद्यतनाने 'डिस्क क्लीनअप' या साधनात 'विंडोज अपडेट क्लीनअप' हा पर्याय जोडला. हा पर्याय दिसण्यासाठी डिस्क क्लीनअप सुरू केल्यावर प्रणालीच्या संचिका स्वच्छ करण्याचे बटण दाबावे लागते व त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोज ७ मध्ये स्वच्छतेचे उर्वरित काम संगणक पुन्हा सुरू करताना पूर्ण होते. त्या वेळी संगणक मध्येच बंद करणे धोक्याचे असते.

विंडोज ८ पासून ही स्वच्छता पूर्वनियोजित कार्य म्हणून आपोआपही होते. घटकाची नवी आवृत्ती बसल्यानंतर किमान ३० दिवस जुनी आवृत्ती ठेवली जाते आणि त्यानंतर ती हटवली जाते. नव्या अद्यतनातील दोष सहसा सुरुवातीच्या दिवसांत उघडकीस येत असल्याने या मुदतीत वापरकर्त्याला माघार घेण्याची संधी राहते.

'डीआयएसएम' या आज्ञेद्वारेही हेच काम करता येते. तिचे तीन पर्याय विशेष उपयोगी आहेत:

* अ‍ॅनालाइझ-कंपोनंट-स्टोअर: भांडाराचा खरा आकार आणि स्वच्छतेची गरज आहे किंवा नाही हे सांगतो. यात काहीही हटवले जात नाही. हा पर्याय विंडोज ८.१ पासून उपलब्ध आहे.
* स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप: जुन्या आवृत्त्या ३० दिवसांची वाट न पाहता लगेच हटवतो.
* रीसेट-बेस: वरील पर्यायाला जोडून वापरला जातो. बदलल्या गेलेल्या सर्व जुन्या आवृत्त्या हटवल्या जातात आणि त्या क्षणापर्यंत बसवलेली अद्यतने पुढे काढून टाकता येत नाहीत.

विंडोज.ओल्ड

विंडोजच्या एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर जाताना संपूर्ण जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवली जाते. हा फोल्डर सहसा अनेक गिगाबाइट जागा व्यापतो. २०१५ साली विंडोज १० प्रकाशित झाली तेव्हा पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. २०१६ मधील वर्धापनदिन अद्यतनापासून ती १० दिवसांवर आणण्यात आली. मुदत संपल्यावर फोल्डर आपोआप हटवला जातो. मुदत संपण्यापूर्वी डीआयएसएम आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.

विंडोज.ओल्ड हाताने हटवताना बहुधा परवानगी नाकारली जाते. डिस्क क्लीनअपमध्ये किंवा सेटिंग्जमधील साठवणुकीच्या विभागात 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' हा पर्याय निवडून तो हटवता येतो. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसवलेली असल्यास वापरकर्त्याची छायाचित्रे, कागदपत्रे इत्यादी वैयक्तिक संचिकाही विंडोज.ओल्डमधील 'यूझर्स' या उपफोल्डरमध्ये असू शकतात. त्या वेळी ही त्यांची एकमेव प्रत असण्याची शक्यता असल्याने, फोल्डर हटवण्यापूर्वी हा उपफोल्डर उघडून तपासणे आवश्यक ठरते.

राखीव प्रती नसलेले फोल्डर

पुढील फोल्डर अनेकदा राखीव प्रती समजले जातात, परंतु त्यांचे कार्य वेगळे आहे:

* सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन: यातील 'डाउनलोड' उपफोल्डरमध्ये इंटरनेटवरून उतरवलेली अद्यतने असतात. तो रिकामा केल्यास आवश्यक संचिका पुन्हा उतरवल्या जातात, मात्र अद्यतन बसत असताना तो हाताळू नये. अद्यतन काढून टाकण्याशी त्याचा संबंध नाही.
* इन्स्टॉलर: मुख्य विंडोज फोल्डरमधील या लपवलेल्या फोल्डरमध्ये विविध प्रोग्रामांची स्थापना-माहिती असते. त्यातील संचिका हटवल्यास ते प्रोग्राम दुरुस्त करणे, अद्ययावत करणे किंवा काढून टाकणे अशक्य होऊ शकते.

हटवण्यापूर्वीची दक्षता

राखीव प्रती हटवण्यापूर्वी वैयक्तिक संचिकांची प्रत बाह्य डिस्कवर घेतली जाते, प्रलंबित अद्यतने बसवून संगणक एकदा पुन्हा सुरू केला जातो आणि मुद्रक, ध्वनी, नेटवर्क तसेच नेहमीचे प्रोग्राम नीट चालतात याची खात्री केली जाते. बिघाड आढळल्यास तो दूर होईपर्यंत राखीव प्रती ठेवल्या जातात, कारण अद्यतन मागे घेऊन बिघाडाचे कारण तपासण्याचा मार्ग त्यांच्यामुळेच खुला राहतो. विंडोज १० पासूनची मासिक अद्यतने संचयी स्वरूपाची आहेत. प्रत्येक नव्या अद्यतनात आधीच्या सुधारणा समाविष्ट असल्यामुळे बऱ्याच जुन्या अद्यतनांच्या प्रती जपण्याचे प्रयोजन उरत नाही आणि स्वयंचलित स्वच्छता बहुतेक वापरकर्त्यांना पुरेशी ठरते.