शकुंतलेच्या रुळांच्या कडेने

"सर, आपल्या मूर्तिजापुरात इतिहास कुठं आहे?" सातवीतल्या एका पोराने विचारले. किल्ला नाही, राजवाडा नाही. आहे ते रेल्वेचे जंक्शन. मला वर्गात नीट उत्तर देता आले नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसलो आणि शकुंतलेच्या मार्गाने अचलपूरकडे निघालो. मित्र शेतकरी. घरी वेचलेला कापूस पडून. "मले इतिहास नको सांगू बे, भाव सांग," तो म्हणाला.

पण इतिहास गावाच्या नावापासूनच सुरू होतो. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशाहावरून मूर्तिजापूर हे नाव पडले, असे मानले जाते. त्याने 1574 मध्ये वऱ्हाडची इमादशाही संपवली. त्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला मूळचा कन्नड मुलखातला, ब्राह्मण घरात जन्मलेला, असे फरिश्ता लिहितो. म्हणजे जिंकणाराही मुसलमान आणि हरणाराही. भांडण सत्तेचे होते, धर्माचे नव्हते. एवढे कळले तरी वर्गातले अर्धे वाद मिटतात.

पूर्णा ओलांडली, दर्यापूर मागे पडले. खारपाणपट्ट्यातली सपाट काळी जमीन, दोन्ही बाजूंना पांढरी बोंडे. रूळ कुठे दिसत, कुठे बाभळीत हरवत. 762 मिलिमीटरचा हा अरुंद मार्ग. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ 113. गाडी चालवायची सरकारी रेल्वे, पण मार्गाची मालकी किलिक निक्सनच्या खासगी कंपनीची. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले वाफेचे इंजिन इथे 1994 पर्यंत धावले.

मँचेस्टर का? उत्तर दोन्ही बाजूंच्या शेतांत होते. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. 1867 पर्यंत मोठी रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. पुढे शकुंतला आली ती आडगावचा कापूस मोठ्या लाइनीवर आणून द्यायला. माणसे तिच्यात नंतर बसली.

"म्हणजे भाव तवाही दुसराच ठरवे," मित्र म्हणाला. यापेक्षा नेमका सारांश मला सांगता आला नसता.

अंजनगावच्या अलीकडे त्याच्या ओळखीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये थांबलो. आत बोलणे ऐकू येत नव्हते. जिनाचे फिरते रूळ कापसातली रुई ओढून घेत होते, सरकी खाली पडत होती. शंभर किलो कापसाला रुई मिळते साधारण 33-34 किलो. सरकी तेलाला जाते, उरलेली ढेप गुरांना. रुई दाबून साधारण 170 किलोची गठाण बांधतात. मित्र वजनकाट्याकडे पाहत होता. मी हवेत उडणाऱ्या तंतूंकडे.

माझे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरत, तातीवर दस्ता मारून गाद्या-रजयांचा कापूस पिंजत. संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. शाळेत कुणी "पिंजाऱ्याचा नातू" म्हटले की मला राग यायचा. बी.एड.ला असताना एकाने आजोबांचा धंदा विचारला, तेव्हा मी "व्यापार" म्हणालो. आजोबा तेव्हा हयात होते. त्या कारखान्यात, डोक्यावर रुई बसलेली असताना, ते खोटे आठवले आणि मान खाली गेली. ज्या हातांनी अख्ख्या पंचक्रोशीला ऊब दिली, त्या हातांची मला लाज वाटली होती.

अचलपूरला पोचेपर्यंत दुपार झाली. हौज कटोरा पाहिला, मग स्टेशनही पाहिले. एक इमादशाहीची राजधानी सांगतो, दुसरे कापसाचे राज्य. दोन्हीकडे शांतता.

सुट्टी संपल्यावर मूठभर रुई, थोडी सरकी आणि घरी माळ्यावर पडलेली आजोबांची धनुकली वर्गात नेली. तात कधीच तुटली आहे. "हा आपला इतिहास," मी म्हणालो, "आणि हे माझ्या आजोबांचं हत्यार." तेच पोर उठून जवळ आले, धनुकलीवरून हात फिरवत म्हणाले, "सर, आमच्या घरीबी आहे. पण अब्बा कोणाले सांगत नाहीत."