अप्पा पडले, त्या दिवशी

२०२४च्या निकालादिवशी मामाचा फोन, "अरे, अप्पा पडले?" हो, पडले! हितेंद्र ठाकूर, १९९०पासून वसईचे सहा वेळा आमदार. स्नेहा दुबे-पंडित जिंकल्या, जेमतेम ३१५३ मतांनी.

मला मात्र २००९ आठवलं. नालासोपारा मतदारसंघ वेगळा निघाला, तिथे अप्पांचा मुलगा क्षितिज जिंकला. अप्पा स्वतः उभे नव्हते. वसईत स्नेहाताईंचे वडील विवेक पंडित अपक्ष निवडून आले. त्याच वर्षी महापालिका झाली होती आणि गावांना ती नको होती. पंडित त्यांच्या बाजूने उभे राहिले. (आमच्या आळीत एरवी मतदानाला न जाणारे म्हातारेही रांगेत होते!) २०११मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं.. आणि २०१४ला अप्पा पुन्हा आमदार. गावं महापालिकेतच राहिली.