उसातला वाघ

गेल्या शनिवारी बऱ्याच महिन्यांनी मामाकडे गेलो. मामाचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून थोडं आत. लहानपणी मे महिन्याची अख्खी सुट्टी तिथे काढलीय, रात्री अंगणात बाज टाकून चांदण्या मोजलेल्या आहेत. या वेळी निघायच्या आधीच मामाचा फोन, "उजेडात पोच. फाट्यावरनं चालत येऊ नको, पोराला गाडी घेऊन धाडतो."

अंगणातल्या बाजा कधीच आत गेल्यात. मामाचा नातू दुसरीत आहे, त्याला शाळेत सोडायला आणि आणायला घरातलं कोणीतरी जातं. शाळा घरापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. मधे दोन्ही बाजूंना ऊस.

जेवताना विषय बिबट्याचाच निघणार होता. मी पुण्यात राहणारा, व्हॉट्सअॅपवर ज्ञान मिळवणारा इंजिनियर. एक वाक्य तयारच होतं. म्हटलं, "मामा, खरं तर आपणच त्यांच्या जंगलात घुसलोय ना..."

मामा भाकरी मोडता मोडता थांबला. "कुठलं जंगल रे? हे रान माझ्या आज्याचं. बाजरी व्हायची इथं, तीपण पाऊस झाला तर. वाघ इथं कधी आला ते मी डोळ्यांनी बघितलंय. आपण न्हाई घुसलो, तो आलाय."

(तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पट्टेवाला वाघ त्या भागात कोणी पाहिलेलाच नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही.)

मी गप्प बसलो. पण परत आल्यावर दोन-तीन रात्री वाचत बसलो, आणि मंडळी, मामाचं बरोबर होतं. माझं वाक्य दुसरीकडे कुठे खरं असेलही, पण जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात ते लागूच पडत नाही. तिथली गोष्ट वेगळी आहे, आणि ती सगळी एका माणसाच्या हयातीत घडलीय.

आधी भूगोल. या दोन्ही तालुक्यांची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्री. नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर. भरपूर पाऊस, झाडी, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे महादेव कोळी. बिबट्या त्यांना नवा नाही. दिवाळीच्या सुरुवातीला तिकडे वाघबारस असते, वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नैवेद्य ठेवतात. शेजाऱ्याशी करार करावा तसा प्रकार आहे तो: आमची गुरं सांभाळ, आम्ही तुझा मान ठेवतो.

इंग्रजांकडे असला करार वगैरे नव्हता. त्यांनी हिंस्र प्राणी मारणाऱ्याला बक्षीस लावलं. महेश रंगराजन या इतिहासकारांनी काढलेला आकडा आहे: १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत देशभरात बक्षिसासाठी दीड लाखाच्या वर बिबटे मारले गेले. तरीही हा प्राणी संपला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पूर्व बाजू. सह्याद्रीपासून जसजसं पूर्वेला यावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. बाजरी, मटकी, हुलगे, उघडे माळ. इथे बिबट्याला लपायला जागाच नव्हती. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आणि त्यांचे कालवे. बाजरीच्या रानात पाणी खेळायला लागलं आणि पाण्यामागून ऊस आला. जुन्नरला विघ्नहर कारखाना, आंबेगावात पारगावला भीमाशंकर कारखाना. मामाचं पक्कं घर, मावसभावाचं इंजिनियरिंग, सगळं त्या उसातून आलंय. त्यामुळे उसाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण बिबट्याच्या नजरेतून ऊस बघा. आठ-दहा फूट उंच, दाट, आत गारवा, पाटाला पाणी. आडसाली ऊस लावणीपासून तोडणीपर्यंत दीड वर्ष उभा असतो. बिबट्याच्या मादीला पिल्लं व्हायला साधारण तीन महिने आणि ती आईपासून सुटी व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. दोन्ही कॅलेंडर जवळजवळ जुळतात! एका शेतातली तोड आली तर शेजारचा ऊस उभा असतोच.

राहायची सोय झाली. आता जेवणाचं. उसाबरोबर वाढे आले, म्हणजे गुरांना हिरवा चारा. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि संकरित गाई वाढवायचं मोठं काम केलं. पुणे जिल्ह्यात घरोघरी जर्सी, होल्स्टीन दिसायला लागल्या. दुधाचा पैसा आला. शेळ्या होत्याच, कोंबड्यांच्या शेडही आल्या. मेलेल्या कोंबड्या आणि हॉटेलांची घाण जिथे पडते तिथे भटकी कुत्री वाढली. थोडक्यात, गुरांना काय खायला घातलं की दूध किती वाढतं याचे प्रयोग आपण मन लावून केले. त्याच वेळी एक दुसरा प्रयोग आपोआप चालू होता, त्याची वही कोणीच ठेवली नाही: उघड्या माळावर पाणी, आडोसा आणि मांस सोडलं तर काय येतं?

बिबट्या येतो.

ही वही नंतर ठेवली विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. शेजारच्या अकोले तालुक्यात, जिथे जंगल जवळपास नाही आणि चौरस किलोमीटरला ३०० च्या वर माणसं राहतात, तिथे त्यांनी कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ मोठे बिबटे निघाले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अभ्यासात त्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. खाल्लेल्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या जनावरांचं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के! शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण साधं आहे, शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा बाहेर. गळ्यात कॉलर बसवलेले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आत येऊन जात होते, आणि घरातल्यांना पत्ता नाही. दिवसा उसात, रात्री आपल्या दारात. नाईट शिफ्टच म्हणायची.

इथे एक प्रश्न मला इंजिनियर म्हणून पडला. हा बिबट्या बदललाय का? पेपरात अधूनमधून येतं की उसातला बिबट्या ही वेगळीच जात तयार झालीय. उत्क्रांती इतकी झटपट होते?

माझ्या मते उत्तर नाही असं आहे, आणि त्याचा पुरावा आहे 'आजोबा'. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर विहिरीत पडला. त्याला काढून, कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. आजोबांनी तिथून महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चाल मारली. मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, कसाऱ्याला रेल्वे ओलांडली, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात गेले. २०११ च्या डिसेंबरमध्ये घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने मेले, शेपटीजवळच्या मायक्रोचिपवरून ओळख पटली. (२०१४ चा 'आजोबा' सिनेमा यावरच आहे.) आता विचार करा. वेगळी जात व्हायला दोन गट पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांपासून तुटावे लागतात. इथे एकच प्राणी शेतातून जंगलात आरामात जातोय, म्हणजे गट तुटलेलेच नाहीत. शिवाय ऊस आल्याला बिबट्यांच्या फार पिढ्या झालेल्याही नाहीत.

मग बदललं काय? बदललं शिकलेलं. पिल्लू दीड-दोन वर्षं आईमागे फिरतं. कुठे लपायचं, काय मारायचं, माणूस दिसला की काय करायचं, सगळं तिथेच. जी आई उसात वाढली तिची पिल्लं उसातच धडे घेतात. आणि शिकायची ही ताकद मात्र लाखो वर्षांच्या उत्क्रांतीतून आलीय. आफ्रिकेत बिबट्याने खाल्लेल्या प्राण्यांची यादी ९० च्या वर जाते, किड्यांपासून मोठ्या हरणांपर्यंत. वाघाला, चित्त्याला ठरावीक वातावरण लागतं. बिबट्याला थोडा आडोसा आणि काहीतरी खायला पुरतं. म्हणून तर दीड लाख मारूनही उरला. सॉफ्टवेअर जुनंच आहे, चालतंय नव्या हार्डवेअरवर.

आता या इतिहासातलं सगळ्यात वाईट पान. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात तक्रारी वाढल्या आणि वनखात्याने पिंजरे लावून बिबटे पकडायला आणि दूर नेऊन सोडायला सुरुवात केली. ऐकायला बरोबर वाटतं. मीही त्या जागी असतो तर हेच केलं असतं. एका जागी प्रॉब्लेम येतोय ना, मग प्रोसेस तिथून हलवा. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. हलवाहलव सुरू झाल्यावर सरासरी १७ झाली. मरणाचं प्रमाणही वाढलं. २०११ मध्ये अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले.

का झालं असं? पिंजऱ्यात अडकून भेदरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं. तिथली शिकार कुठे, पाणी कुठे, माणसाच्या वाटा कोणत्या, काहीच माहीत नाही. ते घराकडे निघतं, आणि वाटेत गावं. आणि इकडे जागा रिकामी झाली की दुसरा तरणा बिबट्या येऊन बसतो, कारण ऊस आणि कुत्री तिथेच आहेत. आम्ही याला म्हणतो, बग फिक्स न करता सर्व्हर रिस्टार्ट करणे. फरक इतकाच की आमच्याकडे क्लायंट चिडतो. इथे माणसं मेली.

अकोल्याची गोष्ट याच्या उलट. तसाच ऊस, तसेच बिबटे, आणि अभ्यासाच्या काळात हल्ल्यात एकही माणूस मेलं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. वाटलं, सापडलं उत्तर: हलवू नका, राहू द्या. रविवारी रात्री मी मामाला फोन करून हे सगळं सांगितलं.

मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पिंपरखेडच्या माणसांना जाऊन सांगशील का हे?"

पिंपरखेड शिरूर तालुक्यात, आमच्यापासून लांब नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे आणि आजूबाजूला सुमारे तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. दोन मुलं आणि एक म्हातारी बाई. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. शेवटी बिबट्याला गोळी घातली. त्यानंतर शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या बायांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पुण्यातल्या ग्रुपवर त्यावर हसणारे इमोजी आले होते. मीही एक टाकला होता, खोटं कशाला सांगू.

मामाचा प्रश्न असा होता, की सरासरी तुझी, पोरगं माझं. याला माझ्याकडे आकडा नाही.

आता वर्षाअखेरीपासून मादी बिबट्यांच्या नसबंदीच्या प्रयोगाची चर्चा आहे, माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे आहेतच. नसबंदी चालली तरी परिणाम दिसायला वर्षं जातील, आणि बिबट्याच्या जागी बिबट्या येतो हे आपण एकदा फार महागात शिकलोय. तोपर्यंत जे हातात आहे ते कंटाळवाणं आहे. शेतीपंपाला दिवसा वीज, म्हणजे रात्री दोन वाजता पाणी धरायला उसात एकट्याने जावं लागणार नाही. घराला लागून ऊस न लावणं. कोंबड्यांची घाण उघड्यावर न टाकणं. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या आणि धनगरांचे वाडे, जिथे लेकरं उघड्यावर झोपतात, तिथे आधी उजेड आणि आडोसा. तोडणीत पिल्लं सापडली तर फोटो काढत न बसता वनखात्याला कळवणं. जुन्नर भागात ती पिल्लं टोमॅटोच्या क्रेटसारख्या खोक्यात घालून रात्री त्याच जागी ठेवतात, आई येते आणि उचलून नेते. आई पिल्लासाठी पिसाळत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर खोडदला ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, अब्जावधी वर्षांपूर्वीचे सिग्नल ऐकणारी. आणि त्याच शिवारात रात्रपाळीची लाईट म्हणून माणसं जीव मुठीत धरून मोटर चालू करायला जातात. असो.

या शनिवारी परत जातोय. मामाच्या गोठ्याला तीन बाजूंनी भिंत आहे, चौथी उघडी. नारायणगावातून जाळी आणि अँगल घ्यायचेत, वेल्डिंगवाला सांगून ठेवलाय. नातवाने फोनवर विचारलं, "काका, जाळी लावली की वाघ येणार नाही ना?"

म्हटलं, "येईल रे. पण आत येणार नाही."