बट्टा आणि भत्ता

महागाई भत्ता हा शब्द आपल्या घरात इतका रुळला आहे की, तो वाढल्याची बातमी आली म्हणजे घरातली लहान मुलेसुद्धा कान टवकारतात. भत्ता हा नोकरदाराच्या गरजेतून जन्मतो, ही आपली साधी समजूत. ती खोटी नाही. पण कोणाची गरज सरकार दरबारी रुजू होते आणि कोणाची होत नाही, हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो. त्याचे उत्तर शोधायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकाऱ्यांना मिळालेल्या एका भत्त्याची हकीकत पाहावी.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. भत्त्याचे नाते अभ्यासक भाताशी, म्हणजे शिध्याशी जोडतात. छावणी सोडून मोहिमेवर गेलेल्या शिपायाला पगाराखेरीज पोटाला म्हणून जे द्यावयाचे, तो भत्ता. बट्टा हा सराफकट्ट्यावरचा शब्द. एक नाणे देऊन दुसरे घेताना जी कसर सोसावी लागे, तिला बट्टा म्हणत. इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत हे दोन्ही शब्द एकाच वर्णावलीने लिहिले. पुढे त्यांच्याच कारभारात या दोघांची खरीखुरी सोयरीक जुळली.

भत्त्यावरून इंग्रज अधिकारी बिथरल्याचे पहिले मोठे प्रकरण क्लाइव्हच्या काळातले. प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफरने बंगालमधील कंपनीच्या फौजेला दुप्पट भत्ता सुरू केला. नबाबाच्या खजिन्यातून तो मिळत होता तोवर कंपनीला त्याची खंत नव्हती. पुढे तो बोजा स्वतःवर आला, तेव्हा संचालकांनी तो बंद करण्याचे हुकूम सोडले. ते हुकूम क्लाइव्हने १ जानेवारी १७६६ पासून अमलात आणले. मोंगीर, बांकीपूर आणि अलाहाबाद येथील गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने मद्रासेहून अधिकारी मागवले, देशी शिपायांच्या निष्ठेवर भिस्त ठेवली आणि बंड मोडले. एकदा मिळालेला भत्ता हा हक्क होऊन बसतो, हा धडा मात्र सर्वांच्या लक्षात राहिला.

आता शंभर वर्षे ओलांडून पुढे येऊ. १८७३ च्या सुमारापर्यंत रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे चोवीस पेन्स मिळत. मग जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी बाजारात काढली. अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा लोंढा सुरू झाला, आणि चांदीबरोबर रुपयाही घसरला. १८९२-९३ मध्ये तो पंधरा पेन्सांच्या आसपास आला. हजार रुपये विलायतेस पाठवले की पूर्वी शंभर पौंड पोचत, ते आता साडेबासष्ट पोचू लागले. अधिकारी इथे, बायको विलायतेत, मुले तिथल्या शाळेत. त्याची तक्रार लटकी होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

सरकारने ती तत्परतेने ऐकली. १८९३ साली विनिमयाच्या नुकसानभरपाईचा भत्ता मंजूर झाला. हिंदुस्थानचे कायम रहिवासी नसलेल्या युरोपियन व युरेशियन नोकरांचा अर्धा पगार, वर्षाला एक हजार पौंडांच्या मर्यादेत, रुपयाला अठरा पेन्स या दराने धरावयाचा आणि बाजारभावाशी पडणारी तफावत खजिन्याने भरावयाची, अशी ही योजना. हजार रुपये पगाराचा अधिकारी घ्या. त्याचे पाचशे रुपये अठरा पेन्सांनी नऊ हजार पेन्स झाले. बाजारात भाव चौदा पेन्स असला तर तेवढ्यासाठी सुमारे ६४३ रुपये लागत. वरचे १४३ रुपये सरकारने द्यावयाचे. बट्ट्याचा भत्ता झाला तो असा.

हा पैसा आला कोठून? रुपया पडल्याने खुद्द सरकारही अडचणीत होते. विलायतेत दरसाल पाठवावयाच्या पौंडांसाठी त्याला अधिक रुपये मोजावे लागत. ते रुपये करांतूनच यावयाचे. १८८६ साली प्राप्तीवर कर बसला होता. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मीठ तर भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाला लागते.

याहून खोल घाव टाकसाळीतून बसला. २६ जून १८९३ रोजी खासगी चांदीचे रुपये पाडून देणे सरकारने बंद केले. रुपयाची टंचाई करून त्याचा भाव चढवण्याचा हा उपाय होता. तोपर्यंत रुपयाभार चांदी आणि रुपया यांत फारसे अंतर नसे. कुणब्याच्या घरचे तोडे, वाळे, कमरपट्टा हीच त्याची पतपेढी. आता रुपया वर निघाला आणि चांदी खालीच जात राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात ते वाळे सावकाराच्या तराजूत पडले, तेव्हा त्यांच्या वजनाइतके रुपये हाती येईनात. त्या बट्ट्याला भत्ता नव्हता.

१८९३ च्या लाहोर काँग्रेसने, दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली, या भत्त्याचा निषेध केला. त्याचा वार्षिक बोजा कोटीवर जाईल असा हिशेब ठरावातच मांडला होता. १८९७ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीस उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या तालमीत त्यांचे आकडे तयार झाले होते. सरकारच्या खर्चाची झडती घेताना या भत्त्यालाही त्यांनी सोडले नाही. पगाराचा करार रुपयांत होता. रुपया पडल्यावर नोकरीस लागलेल्यांना तर भाव ठाऊकच होता. मग तेही भरपाईचे धनी कसे? गोखल्यांच्या साक्षीचे बळ अशा रोख प्रश्नांत होते.

भत्ता त्यामुळे थांबला नाही. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तरी शंभर रुपयांमागे सव्वासहा रुपये मिळत राहिले. १९२४ साली ली कमिशनने समुद्रापार वेतन दोन शिलिंगांच्या दराने धाडण्याची आणि विलायतेच्या येण्याजाण्याच्या भाड्याची शिफारस केली. टंचाईत कमी पगाराच्या नोकरांना धान्यभत्ता मिळे, हेही नमूद केले पाहिजे. पण जो सरकारी नोकरच नव्हता, त्याच्यासाठी कोणत्याच वहीत सदर नव्हते.

अधिकाऱ्याचे नुकसान खरे होते आणि कुणब्याचेही खरे होते. दोन्ही एकाच चांदीच्या घसरणीतून आले. एकाचा हिशेब पेन्सांपर्यंत झाला, आणि दुसऱ्याकडून मिठावर आठ आणे जास्त घेतले गेले. म्हणून भत्त्याचा आकडा वाचताना, तो कोणाला मिळाला यापाशी आपण थांबू नये. त्याच वर्षी त्याच कारणाने आणखी कोणाच्या घरातले काय गेले, तेही विचारावे.