दगडू कोणत्या सालचा? चित्रपट साधन म्हणून वापरताना

चित्रपट घेऊन इतिहासाचं संशोधन करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: हे साधन नेमकं कोणत्या काळाचं? सोपा वाटतो, पण बरेच प्रस्ताव इथेच अडकतात.

‘टाइमपास’ घ्या. रवी जाधव यांचा हा चित्रपट जानेवारी २०१४ मध्ये आला; गोष्ट मात्र नव्वदच्या दशकातली. अभ्यासात नापास, टपोरी बोलणारा दगडू प्रेमात पडतो आणि हसत-खेळत थोडा शहाणा होतो. २०१४ च्या प्रेक्षकाला आपलं उनाड वय कसं आठवायला आवडत होतं, याचा हा पक्का पुरावा आहे. पण नव्वदच्या दशकात अशा पोरांचं खरंच काय होत होतं, ते यातून सिद्ध होत नाही.

त्यासाठी कायदा उघडा. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलीला १८ पर्यंत संरक्षण होतं, मुलाला फक्त १६ पर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ केलं. म्हणजे १९९४ साली सतरा वर्षांच्या पोराने भांडणात कुणाचं डोकं फोडलं, तर खटला मोठ्यांच्या कोर्टात. पडद्यावर हशा, कागदावर आरोपी. या दोहोंतलं अंतर हाच तुमचा संशोधनप्रश्न.

आता धाराशिव. इथल्या ‘वाया गेलेल्या’ पोरांचा आणखी मागचा इतिहास लिहायचा असेल, तर मुंबई प्रांताचा १९२४ चा मुलांचा कायदा इथे लावू नका. जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. कारभाराची भाषा उर्दू. तेव्हा उर्दू शिका किंवा वाचणारा जाणकार गाठा. सूचीत ‘उस्मानाबाद’ही शोधा, नाहीतर हाती काहीच लागायचं नाही.

शब्दही तपासा. घरी ‘उनाड’, पडद्यावर ‘टपोरी’, आजच्या सरकारी कागदात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. पोरगा एकच, बघणारे तीन.

यात त्याचा स्वतःचा आवाज कुठेच नाही. फाइलमधला जबाब पोलिसांच्या भाषेत, सिनेमातला संवाद लेखकाचा. नव्वदच्या दशकातली ती पोरं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. तुळजापूर, उमरगा, परंड्यात भेटतील. मुलाखत घ्या, संमती घ्या, नाव बदला. त्यांना आता घरदार आहे, नातेवाईक आहेत. आपल्या प्रबंधापायी कुणाची जुनी भानगड पुन्हा चावडीवर यायला नको.